ट्रंकेपुरता माळा

॥ श्री वीतरागाय नमः ॥

माधवनगर, माघ शुद्ध पंचमी, सन १९४७

तीर्थरूप आक्का,

धाकट्या आप्पाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं जपूनच ठेवलंय. सध्या त्याच्यावर दोन टेंगळं आहेत, कारण पुढं येईल.) आम्ही सगळे इथं धडधाकट आहोत. तुझा सकाळचा खोकला गेला का? मागं ज्येष्ठमध पाठवलं होतं, ते तू खाल्लंस की नेहमीप्रमाणे जावेच्या पोरांना चघळायला वाटून टाकलंस? दिरांना, म्हणजे नानासोंना, माझा जयजिनेंद्र सांग. कुंडलात यंदा ऊस चांगला आहे असं ऐकतो, त्यांचं गुऱ्हाळ जोरात असेल.

पत्राचं कारण विचारशील तर तसं कारण काही नाही. तुला एक हकिगत सांगायची आहे, एवढंच. भाऊबीजेला मी तुला म्हटलं होतं की दाजी जाऊन दोन वर्षं झाली, आता इकडं माझ्याकडं कायमची राहायला ये. तू हसलीस आणि म्हणालीस, "आप्पा, तुझ्या दोन खोल्यांत माझी ट्रंक तरी कुठं ठेवशील रं?" मग ओवाळलंस, करंजी दिलीस आणि विषय मिटवलास. पण तुझं अंथरूण तिथं कोठीच्या खोलीत, पोत्यांच्या शेजारी असतं, ते मी डोळ्यांनी बघून आलो होतो. नानासो माणूस वाईट नाही, त्यांचं घरच भरलेलं आहे. तरी परत येताना गाडीत मला घास गिळवेना. (शिदोरीतल्या करंज्या मग बैलांना चारल्या. त्यांना आवडल्या.) म्हणून घरी पोचल्या पोचल्या मी वर बघितलं आणि ठरवलं की आपला माळा आहे की, त्याचीच खोली करायची. पैसा फार घालायचा नाही, घरात आणि गावात जे पडलंय त्यातूनच करायची.

आपला माळा तुला आठवत असेल. बाबांनी आयुष्यभर 'लागेल कधीतरी' म्हणून जे जे वर टाकलं ते सगळं वरच होतं. ते उतरवायला कोंडीबा सुताराला आणि मला चार दिवस लागले. मोडका पाळणा निघाला, तीन छत्र्यांच्या काड्या निघाल्या, हळद मोजायचा जुना तराजू निघाला आणि तुझी पितळी भातुकली निघाली. (तिच्यातलं जातं अजून फिरतं. मी फिरवून बघत होतो तेवढ्यात तुझी भावजय गुणमाला आली, आणि मी चिंच घासून ते साफ करत असल्याचं सोंग केलं.) हे सगळं सोप्यात येऊन बसल्यावर आम्हाला बसायला जागा उरली नाही. तेवढ्यात कोंडीबानं वरून हाक मारली की आढ्याला पारवीचं घरटं आहे आणि त्यात दोन अंडी आहेत.

आता काय करायचं सांग. आपल्या घरात मुंगीसुद्धा फडक्यानं हळूच बाजूला करतात, आणि पारवीला कशी हुसकायची? शेजारचा नाथाजी पलटणीतून पेन्शन घेऊन आलाय. तो म्हणाला, धूर करू, दोन मिनिटांत जागा मोकळी. गुणमालानं त्याच्याकडं असं बघितलं की तो आठ दिवस आमच्या दारावरून गेला नाही. कोंडीबा म्हणाला, घरटं अलगद उचलून गोठ्यात ठेवू. तर गुणमाला म्हणाली, माणसाचा हात लागला की आई परत येत नाही, आणि ते पाप या खोलीच्या पायात नको. झालं, काम बंद. कोंडीबा रोज सकाळी येऊन अंगणात उभा राहायचा आणि विचारायचा, उडाली का? मग एक गूळचहा पिऊन परत जायचा. अंडी फुटली, पिल्लं निघाली, पिल्लांना पिसं फुटली. अख्ख्या गल्लीला त्यांची काळजी. सव्वा महिन्यानं ती उडाली, त्या दिवशी कोंडीबानं आपणहून पेढे आणले. ज्या फुटक्या कौलातून ती ये-जा करायची तिथं आता मी काचेचं कौल बसवलंय. सकाळी दहापर्यंत नेमका तिथून उजेड येतो, पोथी वाचायला चष्मासुद्धा लागायचा नाही.

जमिनीचं सांगायचं राहिलं. लढाई संपली तरी नवीन लाकूड काही स्वस्त झालं नाही. म्हणून कोंडीबानं एका पाडलेल्या कोठाराची जुनी दारं आणली आणि ती आडवी टाकून जमीन केली. जमीन भक्कम आहे, नाथाजीनं तिच्यावर पलटणीसारखं पाय आपटून बघितलं. पण एका दाराची कडी कोंडीबा काढायला विसरला, आता ती खिळ्यांखाली अशी अडकलीय की निघत नाही. वर कुणी चाललं की ती वाजते. दुपारी मी वर फिरलो आणि गुणमाला दोनदा जाऊन बाहेरचं दार उघडून आली. (तिसऱ्यांदा खरंच टपालवाला होता, तेव्हा ती उठली नाही.) वर कौलांखाली बांबूचे तट्टे ठोकलेत, ऊन लागणार नाही. शिडी काढून जिना केलाय. तो चिंचोळा आहे, पण धरायला दोर बांधलाय. कोपऱ्यात चार विटांवर फळी टाकून तुझ्या ट्रंकेची जागाही करून ठेवलीय.

एक चूक मात्र झाली आणि ती कोंडीबाची. माळ्याच्या मधून जी तुळई जाते ती हलवता येत नव्हती. तिच्याखाली माणसाला उभं राहता यावं म्हणून जमीन किती खाली घ्यायची, एवढंच त्यानं ठरवायचं होतं. ते माप चुकलं. मी दोनदा उभा राहिलो, दोन टेंगळं आली. गुणमाला माझ्याहून जरा ठेंगणी, तिलाही लागलं. नाथाजी फेटा बांधून गेला, फेटा तुळईवर राहिला आणि तो पुढं गेला. बस्तीतले, म्हणजे आपल्या जिनमंदिरातले, पंडित खोली बघायला आले आणि णमोकार अर्धा म्हणून खाली उतरले. मी कोंडीबाला चारचौघांत बोललो. तो नुसता पटाशीला धार लावत बसला.

असो. तर अशी ही हकिगत. तू यावंस असा माझा आग्रह अजिबात नाही. तुझ्या मनाला येईल तसं कर. खोली काय, तिच्यात कांदेही ठेवता येतील.

तुझा,
आप्पा

ता. क. कोंडीबाची उगाच बदनामी केली, ते मनाला लागून राहिलंय. त्यानं मला विचारलं होतं, "आप्पासो, माप कुणाचं धरू?" दाजी गेले त्या दिवशी कुंडलच्या ओसरीवर तू मला धरून रडलीस. माझ्यासमोर तेवढी एकदाच रडलीस. तुझं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं होतं. मी तिथं हात धरला आणि त्याला म्हटलं, एवढं. त्यानं वर चार बोटं जागा सोडली, पदरासाठी. तुझ्याशिवाय त्या खोलीत कुणालाच सरळ उभं राहता येत नाही, आक्का. कांद्यांचं मी खोटं लिहिलं. मला तू हवी आहेस.

आणखी ता. क. हे पत्र टपालानं येणार नाही, नाथाजीजवळ देतोय, तोच गाडी घेऊन येतोय. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा माझी गाडी तुमच्या दारात उभी असेल. नानासोंना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ते नाही म्हणणार नाहीत. गाडीत गादी घातलीय. घाई नाही, बैलांना वैरण दोन दिवसांची दिलीय. पण गाडी रिकामी परत आली तर मला चालायचं नाही.

वन्संना गुणमालाचा नमस्कार. हे बैल जुंपायला गेलेत तेवढ्यात चार ओळी लिहिते. ह्यांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. ट्रंक वर जात नाही. तुमची आणि माझी ट्रंक सांगलीच्या एकाच दुकानातली, एकाच मापाची, म्हणून काल माझी वर चढवून बघितली. चौथ्या पायरीवर अशी अडकली की काढायला तिघं लागले. हे तेव्हापासून तोंड पाडून बसलेत. एवढा खटाटोप झाला आणि तुम्ही भाऊबीजेला म्हणालात तेच खरं निघालं. म्हणून मी माजघरात माझी ट्रंक हातभर सरकवलीय. तिच्याशेजारी तुमची बरोबर बसते. माप मी स्वतः घेतलंय.