पाचव्या मजल्यावरची टोपली

२ मे, नेपल्स
पोचले एकदाची. खिडकीखाली बेकरी आहे, गल्लीच्या टोकाला समुद्राची निळी पट्टी दिसते, अजून काय पाहिजे? डॉन लिबोरिओंची (इथे बड्या मालकाला डॉन म्हणतात) या इमारतीत तीन घरं आहेत, सामानासकट, दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी. किल्ल्या देणं, चादरी बदलणं, कॉफीचं भांडं गॅसवर कसं ठेवायचं ते दाखवणं हे माझं काम. राहायला दुसऱ्या मजल्यावर एक खोली दिलीय, पण त्यात मुलगी नको म्हणून बजावलंय. पाचवा मजला रिकामा झाला की मोठी खोली देणार, मग मिरेल्लाला आणायचं. तोवर ती आवेल्लिनोला माझ्या बहिणीकडे. फोनवर रोज विचारते, आई, कधी?

९ मे
पाचव्यावर डोन्ना रेस्तितूता नावाची म्हातारी एकटी राहते. लिबोरिओंनी ते घर तिच्यासकट विकत घेतलंय. ती असेपर्यंत तिचं, मग यांचं. आमच्याकडे असे सौदे होतात. तेव्हा म्हातारी दोन महिन्यांची सोबती वाटत होती म्हणे. ते हसत सांगतात, वाट बघून माझं टक्कल पडलं, अन् बया रोज ताजा पाव हाणते.

तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, आवाजही खाली गल्लीपर्यंत पोचत नाही. सकाळी दोराला बांधलेली टोपली माझ्या खिडकीवरून खाली जाते. बेकरीवाली पास्क्वालिना तीत पाव ठेवते, कधी टोमॅटो, आणि ओरडते, ओढा मावशी! मी गच्चीवर चादरी घेऊन जाते तेव्हा म्हातारी दारातून विचारते, लिंदा, पोरी, जेवलीस का? बरी आहे तशी.

४ जून
मिरेल्ला फोनवर रडली. माझ्याही जिवाची तगमग झाली. लिबोरिओंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पास्क्वालिनाला सांग, म्हातारी भाच्याकडे राहायला गेली. एवढंच सांगायचं. पुढचं आपोआप होईल.

सांगितलं. थाप पचली. पास्क्वालिना म्हणाली, बरं झालं बाई, या वयात एकटीने कशाला कुढायचं. आता टोपली मी माझ्या खिडकीतच अडवते, जरा थांबून दोर हलवते. म्हातारी वर ओढते. रिकामीच.

११ जून
गच्चीवर जाणं सोडलंय. चौथ्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी विचारलं, वर कोण ठोकतंय? नळाचं काम चाललंय म्हटलं.

१७ जून
टोपली आली नाही. ठोकणंही नाही. लिबोरिओ डॉक्टरला घेऊन आले. दोर तिच्या मुठीतून सोडवावा लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मिरेल्लाला फोन केला, सामान भर.

टोपली मी स्वतः कचऱ्यात टाकून आले.

१२ ऑगस्ट
ऑगस्टच्या सुट्टीत सगळं शहर समुद्राकडे पळालंय. इमारत रिकामी. पाचव्यावर नवा रंग, नवे पलंग; ते होईपर्यंत अडलेली मिरेल्ला काल आली. सुट्टीभर पाहुणे नाहीत. लिबोरिओ म्हणाले, मायलेकी वर जाऊन ऐष करा. मिरेल्ला बाल्कनीत नाचतेय. कपाटात एक जुनी टोपली सापडली म्हणाली, दोरासकट. तीत तिने बाहुली बसवलीय.

मी ती टोपली ओळखली.

१३ ऑगस्ट
दार उघडत नाही. किल्ली फिरते, दार हलत नाही. मोबाइल खाली माझ्या खोलीत राहिलाय. बिस्किटं होती, ती संपली. दोघी बाल्कनीतून ओरडलो. पास्क्वालिनाने एकदा मान वर केली. मग शेजारणीला सांगताना स्पष्ट ऐकू आलं, वर कोण असणार, लिंदा पोरीला घेऊन आवेल्लिनोला गेली. लिंदाच्याच खिडकीतून एका म्हातारीने सांगितलं मला.

१४ ऑगस्ट
टोपली सोडली. दुसऱ्या मजल्यावर अडली. थोड्या वेळाने दोर हलला. वर ओढली — रिकामी. आत बाहुली होती, तीही नाही.
मिरेल्ला पाव मागते. ठोकून ठोकून माझे हात —

बेकरीचं शटर पडलं. सुट्टी.

तारीख कळत नाही
मिरेल्ला आता मागत नाही. नुसती पडून असते. मला भीती वाटते —
पुन्हा सोडली. वाकून बघितलं. माझ्या खिडकीतून हात आला — टोपली धरली — अलगद, मी धरायचे तशी — मग तिने तोंड वर केलं. मायेने विचारते, लिंदा, पोरी, जेवलीस —