शुक्रवारी लागणारा दिवा

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दिवा! गाडीच्या डॅशबोर्डवर, पिवळा, गोलातली तीच तीन अक्षरं — ए.बी.एस. हा तिसरा शुक्रवार. उद्या पानिपतला जाऊन सतरंज्या आणि खेसच्या जाड चादरी आणायच्या होत्या. पाडव्याआधी नोएडाचं प्रदर्शन, आणि माझ्या स्टॉलवर ठेवायला चिंधी नाही!

आमचे हे, उल्हास, ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "व्ही.ओ.आर."

रिटायर होऊन अठरा वर्षं झाली तरी फौजेतलं वर्कशॉप डोक्यातून जात नाही. व्हेइकल ऑफ रोड — गाडी रस्त्यावर काढायची नाही! तिथे बिघडलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला तसं कार्ड बांधायचे. एकदा कार्ड बांधलं की गाडी जागेवर, आणि ड्रायव्हरला कुणी जाब विचारायचा नाही. इथे मी आहे विचारायला.

"लाल दिवा नाही ना लागलेला? म्हणजे साधे ब्रेक चालतात."

"चालतात. पण हायवेवर एकदम दाबावा लागला तर चाकं जाम होतील, गाडी घसरेल. नको प्रभा."

पानिपतला फोन मीच केला. नाही म्हणायचे फोन नेहमी मीच करायचे!

१४ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेजात पोचेपर्यंत दिवा विझलेला. दाखवायला नेलं की यंत्रसुद्धा पोरांसारखं शहाणं होतं.

मेकॅनिक राजवीरने मशीन लावलं. जुनी नोंद निघाली — पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. मधेच सिग्नल तुटतो.

"मैडम, पूरा यूनिट बदलवा लो. टेंशन ख़तम."

"एक पहिये की शिकायत है, तो पूरा यूनिट क्यों?"

"आंटीजी, ये रसोई थोड़ी है."

"रसोई में भी जलने की बू पहले मुझे ही आती है!"

उल्हास हसले. मी नाही. सेन्सर काढायला लावला, पुसून घेतला, मीटर लावून बघितला — ठीक. फ्यूज ठीक. ब्रेक ऑइल भरलेलं. बी.एस्सी. फिजिक्स केलं ते काही लोणच्याच्या बरण्या भरायला नाही. गाडी चालवता येत नाही ही गोष्ट वेगळी. तेव्हा शिकले असते तर आज कुणाची मिनतवारी नसती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उल्हासची एक चप्पल खाली पार्किंगमध्ये पडलेली. एकच! "एका चपलेवर तीन मजले चढून आलात?" लक्ष कुठे असतं यांचं?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दिवा. चौथा शुक्रवार!

कागद घेऊन तारखा मांडल्या. शुक्रवारी संध्याकाळी लागतो, की शनिवारची पानिपतची खेप रद्द; शनिवार-रविवारात विझतो. बुधवारी भाजी आणायला जातो तेव्हा काही नाही. यंत्राला वार कसा कळतो? चैन पडत नाही. पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवा विझला. सेन्सरची वायर जिथे जोडते तिथला प्लग थरथरीने सुटत असणार असा माझा अंदाज. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे हात घातला आणि प्लगच्या दोन्ही भागांवरून एक लाल रेघ ओढली. रुचिताचं — सुनेचं — नेलपॉलिश. सांधा हलला की रेघ मोडणार.

उल्हास दुपारची झोप काढत होते. सांगितलं नाही. उगीच हसतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

स्वानंदी आली होती. नात आठ वर्षांची, पण तोरा कर्नलचा. होळीनंतरच्या शनिवारी पानिपतला येणारच म्हणते. "आजी, मैं आगे बैठूँगी, आजोबांच्या बाजूला!"

उल्हास कधी नव्हे ते तिच्यावर ओरडले. "गाडीत बसायचं नाही म्हणून सांगितलं ना!" पोर हिरमुसली. मी तिची बाजू घेतली. सात तारखेला तिला न्यायचं पक्कं केलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवा! माझा पारा चढला. जिन्यातच म्हणाले, "सात तारखेला काय वाटेल ते झालं तरी जायचं. आता पुन्हा हा दिवा लागला तर गाडी भंगारात घालीन. कारणं ऐकणार नाही!" उल्हास खाली बघत म्हणाले, "बरं."

मग मी टॉर्च घेऊन खाली गेले.

रेघ मोडलेली होती. प्लग अलग, लोंबत होता. पण त्याला खटका आहे. अंगठ्याने जोरात दाबल्याशिवाय तो उघडत नाही. मी दहा वेळा करून बघितलं. थरथरीने नाही उघडत. हाताने उघडतो.

चाकाला हात लावणारं घरात एकच माणूस आहे.

पाच शुक्रवार! मला उल्लू बनवलं! पण का?

२८ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर भांडण तयार केलं होतं. सकाळी चहाच्या वेळी ती चप्पल आठवली.

उल्हास पाय लांब करून पेपर वाचत होते. मी फरशी पुसायला बसले आणि फ्रिजमधला स्टीलचा चमचा त्यांच्या उजव्या तळव्याला टेकवला. त्यांनी पान उलटलं. चमचा दाबला. काही नाही. डावा तळवा — काही नाही. घोट्याच्या वर लावला तेव्हा दचकले. "थंड आहे गं! काय करतेस?"

"पुसतेय," म्हणाले.

डिसेंबरात एकदा उल्हास म्हणाले होते — पायाला मुंग्या येतात, पेडल कळत नाही नीट. मी काय म्हणाले होते? "फिरायला जा. साखर कमी खा." आणि भाजी चिरायला लागले होते.

स्वतःला कार्ड बांधता येईना, म्हणून गाडीला बांधलं.

१ मार्च, रविवार

बोलायचं ठरवलं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आवाज रागावल्यासारखाच निघाला. चाळीस वर्षांत दुसरा आवाज काढलाच नाही बहुतेक. डॉक्टरांची वेळ मात्र घेतली — सोमवार, नऊ तारीख. माझे गुडघे दाखवायचे आहेत असं सांगितलं.

४ मार्च, बुधवार

होळी. उल्हासनी गाडी धुतली. दोन तास लावले.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळपासून चार वेळा खाली जाऊन आले. चावी फिरवून बघते. दिवा लागतो, तपासणी होते, विझतो. बाकी दिवसांसारखाच.

आज प्लग काढला नाही त्यांनी. मी भंगाराची धमकी दिली ना! उद्या ते पेडल न कळणाऱ्या पायाने हायवेवर गाडी घालणार, आणि शेजारी स्वानंदी. तिची पाण्याची बाटली आतापासूनच पुढच्या सीटवर ठेवलीय.

दिव्या, लाग की रे!

७ मार्च, शनिवार

उजाडताना खाली जाऊन प्लग मी काढला.

सहाला उल्हासनी चावी फिरवली. दिवा लागला तो विझेना. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या काळ्या ग्रीसकडे.

"व्ही.ओ.आर.," मी म्हणाले. "ट्रेनने जाऊ. तिघंही."

त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.