चारुशीलेस दोन ओळी

सातारा, ३ जानेवारी १९४७

लेखणीवर जीव टाकणाऱ्या माझ्या उपेक्षित बंधूंनो, तुमचे माझे दुःख एकच आहे. आपण घरच्यांना साहित्य देतो आणि घरचे आपल्याकडे पोस्टकार्ड मागतात.

(खोलीत कोणी नाही. सभेची सवय.)

हकीकत अशी. चारुशीला तापाने फणफणली होती. मी तिचे औषध आणायला निघालो. वाटेत वाचनालयात 'साहित्यातील करुणा' या लेक्चरचा वक्ताच आला नव्हता. मीच बोलायला उभा राहिलो. लोक रडले. औषध राहिले. ताप उतरल्यावर ती सांगलीला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "दोन ओळींचं कार्ड टाका. चुकलो, ये. एवढंच. मी येईन."

ललित लेखकाकडे अर्जनवीसाचे काम.

५ जानेवारी

निश्चय : आज कार्ड लिहायचेच. समोर घेऊन बसलो. पण 'चुकलो' हा शब्द बसतो कोणत्या वाङ्मयप्रकारात? काव्यात नाही, निबंधात नाही. तो फक्त फौजदारापुढे शोभतो. त्याऐवजी विरहावर खंडकाव्य घेतले. पहिला सर्ग सांगलीस रवाना. परवापर्यंत ती येते.

८ जानेवारी

आली नाही. खंडकाव्य जड गेले असावे. म्हणून लघुनिबंध पाठवला, 'थंड चूल'. आधी शेजारच्या गोदाकाकूंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "छान आहे रे गंगाधर. पण यात तिला ये म्हटलंयस कुठं?" म्हटले, ते सूचित आहे. "मग तीही तिकडं सूचितच निघाली असेल," काकू म्हणाल्या.

काकूंना स्टाईल कळत नाही.

११ जानेवारी

एकांकिका पाठवली होती. शेवटी नायक नायिकेला उदार मनाने क्षमा करतो. आज सासऱ्यांचे, विष्णुपंतांचे उत्तर : 'नाटक पोचले. चारुशीला बरी आहे. कार्डाची वाट पाहते.' जन्मभर कोर्टात कारकुनी केली. गद्य माणूस.

१४ जानेवारी, संक्रांत

वाण घेऊन आलेल्या बायका दारातूनच परत गेल्या. काकूंनी तिळगूळ हातावर ठेवला. म्हणाल्या, "गोड बोल. म्हणजे थोडं बोल."

१५ जानेवारी, सकाळ

सुचले. व्यावहारिक लेखनाचे शिखर म्हणजे तार. कार्डाहून थोडक्यात, आणि 'चुकलो' घालावे लागत नाही. विष्णुपंतांच्या नावे केली : 'ताबडतोब निघा.' पोस्टातला शिपाई तात्याबा हळूच म्हणाला, "आवं मास्तर, कोन गेलं म्हनायचं?" मी म्हणालो, "गेली होती. येतेय."

१६ जानेवारी

आली. दुपारच्या मोटारीने, वडिलांचा खांदा धरून. डोळे सुजलेले. मी दारात शाल पांघरून उभा. स्वागताचे चार शब्द तयार होते. विष्णुपंत ओसरीवर मटकन बसले. म्हणाले, "तार ऐकून आळीतल्या बायका हिच्या बांगड्या उतरवायला आल्या. हिनं हात पदराखाली घट्ट धरले, ते इथवर."

चारुशीलेने मला नखशिखांत पाहिले. मी सुरुवात केली. तार या प्रकाराविषयी आपल्या समाजात केवढे अज्ञान आहे, यावर. प्रास्ताविक संपायच्या आत ती म्हणाली, "बाबा, आहेत. चला."

परतीच्या मोटारीने गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

माझा मुद्दा पूर्ण होऊ द्यायला हवा होता.

१७ जानेवारी

मुद्दा बरोबर होता.

१८ जानेवारी

पदराखालचे हात दिसतात.

१९ जानेवारी

कार्ड लिहिले. 'सौ. चारुशीलेस, चुकलो. ये.' उपमा नाही, सूचना नाही. कुणालाही वाचून न दाखवता पेटीत टाकले. असे माझ्या कोणत्याही लेखनाचे झाले नव्हते.

२४ जानेवारी

विष्णुपंतांचे कार्ड. 'आपले कार्ड पोचले. चारुशीला म्हणते, अक्षर त्यांचेच आहे, शब्द त्यांचे नव्हेत. गोदाकाकूंनी सांगून लिहवून घेतलेले दिसते. ती येणार नाही.'

बंधूंनो, मला जाता येत नाही. गेलो तर बोलायला लागेन. तुमच्यातल्या कुणीतरी उद्याच्या मोटारीने सांगलीला जा आणि तिला एवढेच सांगा, ते मीच लिहिले होते.