वाकड्या सीताफळांची हकिगत

गिरणारे,
२० सप्टेंबर २००३

चि. चंद्रभागेस लंकाअक्काचे पोटभर आशीर्वाद. मनमाडला पाणी किती दिवसांआड येतं, गुडघा काय म्हणतो आणि तू वेळेवर जेवतेस का, हे तिन्ही कळव. (तिसऱ्याचं खरं उत्तर लिही.) आम्ही दोघं खुशाल.

तुला ठाऊकच आहे, हे सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि नुसते भिंतीकडे बघत बसायचे. तीस वर्षं मशीनशी बोललेला माणूस, माझ्याशी काय बोलणार? मग बागेतल्या सीताफळाच्या चाळीस झाडांकडे त्यांचं लक्ष गेलं. दरसाल फळं लिंबापेक्षा जराशीच मोठी, त्यात एका बाजूने चेपलेली. कुणीतरी सांगितलं, परागीभवन कमी पडतंय. यंदा फुलं लागताच यांनी मधमाश्यांच्या चार पेट्या भाड्याने आणल्या. माश्यांनी आमच्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बांधापलीकडे कुसाबाईच्या कारल्यांवर गेल्या. (जाताना एक यांच्या नाकाला चावून गेली.) पंधरा दिवसांनी कुसाबाईने आभार म्हणून पाटीभर कारली पाठवली. आठवडाभर आम्ही तीच खाल्ली, एकमेकांकडे न बघता.

शेवटी कृषी सहायकाने उलगडा केला. हे फूल म्हणे आधी मादी असतं, मग नर होतं. त्याचा पराग सुटेपर्यंत त्याची स्वतःची वेळ निघून गेलेली असते, आणि मधमाश्यांना त्यात गोडी नाही. तेव्हा पूर्ण उमललेल्या फुलांचा पराग गोळा करायचा आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांना ब्रशने लावायचा. यांचा हात थरथरतो, म्हणून ब्रश माझ्याकडे. फोटोच्या रिळाच्या डबीत पराग घेऊन हे मागे. पहिले चार दिवस "हं" आणि "पुढचं", एवढंच. पाचव्या दिवशी म्हणाले, "लंका, तीस वर्षं तू अंधारात उठून मला डबा दिला. सकाळच्या उन्हात तुला कधी नीट पाहिलंच नाय."

चंद्रे, ब्रश फुलाऐवजी पानालाच लागला बघ.

आता फळं चहूबाजूंनी भरलीत, एकेक ओंजळभर. हे येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून बागेत नेतात. (पोस्टमन आता पत्र फाटकातूनच टाकतो.)

तुझी,
लंकाअक्का

ता. क. तुझे सावळीरामराव गेल्यापासून दीड वर्षं तू कुठेच गेली नाहीस. इथे फुलांच्या कामाला हात कमी पडतात, मदतीला ये. हे घ्यायला येतील.

आणखी एक. हे मागे उभं राहून वाचत होते. म्हणाले, खोटं कशाला लिहितेस, फुलं तर आषाढातच संपली. खरं आहे. काम काहीच नाही. नुसती ये.