छत्तिसावं मिनिट

बाबा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी दोन गाण्यांचा सांधा जुळवायला घेतला की मागे कुणीतरी घसा खाकरतं. तुमचीच सवय ती, बोलायच्या आधीची. परवा तर मी हेडफोन काढून चक्क मागे वळून पाहिलं. भिंत, पंखा, वाळत घातलेली ओढणी. घाबरायचं तर माणसाने नीट घाबरावं की नाही? मी काय केलं, पुन्हा हेडफोन चढवले आणि जिथे खाकरल्याचा भास झाला होता ती जागा तपासली. ठोका सरकला होता. केसभर, पण सरकला होता. जिवंत असताना एवढं छळलं नाहीत हो मला.

हाऊस म्युझिक म्हणजे काय हे तुम्हाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, सगळ्या गाण्यांची चाल जवळपास एक, आणि एका गाण्याच्या पोटातून दुसरं असं काढायचं की नाचणाऱ्याच्या पायाला सांधा कळू नये. तासभर असं न तोडता वाजवलं की झाला मिक्स. खडकीच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे गाणी दुसऱ्यांची, तुझे फक्त सांधे." मी असली चिडले! पण सांधे म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसलात हेही मला दिसलं. कारखान्यात तुम्ही तपासनीस. लोखंडी नग उचलायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा, आवाज ऐकायचा, आणि आत चीर असली तर बाजूला काढायचा. उभा जन्म कानांवर पगार घेतलात तुम्ही.

मग तो रिवाजच पडला. रविवारी सकाळी आंघोळ उरकून तुम्ही स्टुलावर, स्पीकर डाळीच्या डब्यावर, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, उलटं, आणि पेन्सिल. आईला ताकीद, तासभर फोडणी नाही. मी दाराशी उभी, आणि मी तोंड उघडायचं नाही हा तुमचा नियम. मिक्स संपला की पान माझ्या हातात. त्यावर मिनिटं आणि सेकंद, बाकी काही नाही. फार तर एखाद्या आकड्यापुढे "टांगा". दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवरून घसरले की घोड्याच्या टापांसारखं वाजतं, म्हणून टांगा. एकदा मी वाद घातला, "बाबा, ती माझी स्टाईल आहे." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "स्टाईल तुझी असेल. दचकलो मी." चांगलं झालंय, असं कधी म्हणजे कधी नाही. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, एकदा तरी म्हणा की! तर म्हणालात, "बरं-वाईट सांगणारे पैशाला पासरी. कुठे ते सांगणारा एखादाच असतो."

आता तो रविवार. माझा एक मित्र दुपारचे कार्यक्रम भरवायचा, गच्चीवर वगैरे, आणि मला तिथे पहिल्यांदा वाजवायला द्यायचं की नाही हे तो मिक्स ऐकून ठरवणार होता. मी मोठ्या तोऱ्यात त्याला घरीच बोलावलं, सोबत आणखी दोघे. माझ्या बाबांचे कान बघ, म्हटलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसला आहात. आईने चहा केलाय. मिक्स चालू होतो, छान चाललाय, आणि छत्तिसाव्या मिनिटाला टांगा सुटतो. थोडाथोडका नाही, चांगलं अर्धं मिनिट. मित्राची भुवई वर जाते. तुमची पेन्सिल हलत नाही. मिक्स संपल्यावर तुम्ही कोरं पान माझ्या हातात देता आणि म्हणता, "छान झालंय."

मित्र म्हणाला, "काका, छत्तिसाव्या मिनिटाला काही जाणवलं नाही?" तुम्ही म्हणालात, "नाही बुवा." आणि मी टाळी वाजवली. "सापडलात बाबा! मुद्दाम टाकलं होतं मी ते!" तुम्हीच सांगायचात ना, साहेब लोक कधीकधी चीर असलेला नग गुपचूप तुमच्या ट्रेमध्ये सरकवायचे, तपासनीस जागा आहे की नाही बघायला. तसंच केलं म्हटलं मी. सगळे खो-खो हसले. मित्र म्हणाला, "काका, रिटायरमेंट अगदी वेळेवर झाली तुमची." तुम्हीही हसलात. "सापडलो की," म्हणालात, आणि कपबशा उचलून आत गेलात. मला कार्यक्रम मिळाला.

पुढच्या रविवारी तुम्ही स्टुलावर बसला नाहीत. "कान गेले आता. तुमचं तुम्ही बघा." मला वाटलं, रुसलात, याल ताळ्यावर. पण किस्सा नातेवाइकांत पसरला आणि लोक तुमच्याशी ओरडून बोलायला लागले. आत्या तर दारातूनच हाळी द्यायची, "दादाऽऽ, जेवलास का?" तुम्ही हळू आवाजात सांगायचात, जेवलो. एकदाही म्हणाला नाहीत की ऐकू येतंय मला, ओरडू नका. मीसुद्धा ओरडायचे, बाबा. दोन वर्षं, शेवटपर्यंत, हॉस्पिटलातही. शेजारच्या खाटेवरचा माणूस वैतागून बघायचा, आणि तुम्ही शांतपणे मान हलवायचात.

आता आई माझ्याकडे धायरीला असते. गेल्या गुरुवारी मेथी निवडत होती, मी सहज म्हटलं, बाबांचे कान टिकले असते तर आज माझं काम केवढं सोपं झालं असतं. तिने मान वर केली नाही. "कानांना काय धाड भरली होती त्यांच्या? सगळं ऐकू यायचं."

"आणि त्या रविवारी?"

"त्या दिवशीही आलं. मीच विचारलं नंतर, लिहिलं का नाही म्हणून. तर म्हणाले, पोरीला पहिलं काम मिळतंय, त्या माणसासमोर कसलं पान द्यायचं हातात?"

मग तिने मला काड्या टाकून यायला सांगितलं. मी उठले, पण कचऱ्याचा डबा कुठे आहे ते मला आठवेना.

कारण आईलाही ठाऊक नाही ते असं, की मुद्दाम वगैरे काही नव्हतं. मी तो मिक्स घाईत रेकॉर्ड केला होता आणि परत ऐकलाच नव्हता. टांगा सुटला तेव्हा तो मीही तुमच्याबरोबर पहिल्यांदाच ऐकला. तुम्ही पान कोरं ठेवलंत, तरी मित्राने विचारलंच, आणि माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलून गेले. तुम्ही माझी चूक पोटात घातलीत आणि मी ती वर काढून तुमच्या कानांवर मारली. आणि "मुद्दाम" हे खोटं आहे हे त्या खोलीत एकट्या तुम्हाला समजलं असणार. टाकलेला नग आणि खरोखरचा बिघडलेला नग, दोन्ही तुम्ही आयुष्यभर ऐकलेत. तरी म्हणालात, सापडलो की. कसं म्हणवलं तुम्हाला? मला एक थोबाडीत का नाही दिलीत, बाबा?

हे पाठवणार कुठे? मोबाईलमध्ये पडून राहील. पण एक अजून सांगायचं राहिलंय. रविवारी आता पाच-सहाजण माझ्याकडे मिक्स घेऊन येतात. मी त्यांना मिनिटं-सेकंद लिहून देते, बरं-वाईट सांगत नाही, माझी दहशत आहे म्हणतात. या रविवारी एक नवीन मुलगी आली होती, यवतमाळकडची, हिंजवडीला नोकरी करते. चार जागा दाखवल्यावर तिचा चेहरा पडला. मग तिला हसवायला बाकीचे म्हणाले, ताई, तुमच्या बाबांचा किस्सा सांगा ना. तीही म्हणाली, "सांगा ना ताई, मले माहीतच नाही." आई आतच होती, दार उघडं होतं. गुरुवारनंतरचा रविवार, बाबा. सगळं कळलेलं होतं मला. मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं असंच मनात होतं, देवाशप्पथ. पण मी नेहमीचाच किस्सा सांगितला, तुमचा आवाज काढून. ती मुलगी खूप हसली. तुमचे कान गेले होते, असंच सांगितलं मी.