उशाला कोट

१० डिसेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम.

पत्राला उशीर झाला. नाताळ तोंडावर आला की सगळ्या गावाचे कपडे एकदम आखूड होतात. तुझी वहिनी असती तर निम्मी गिऱ्हाइकं तिनेच गोड बोलून परत पाठवली असती. आता काजं-बटणंही मलाच करावी लागतात.

पाळकसाहेब येऊन गेले. प्रभूच्या जन्माचा वृत्तांत चर्चमध्ये दरवर्षीप्रमाणे मीच वाचावा म्हणाले. मी सरळ नाही म्हणालो. इस्पितळात खाट नाही म्हणून आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, तिथेच मी तिला आडवं केलं आणि तिथेच ती गेली. उशाला माझा कोट होता. तो खुंटीवरच आहे, अंगात घालवत नाही. आणि मी उभा राहून लोकांना आनंदाची बातमी सांगू? आधी मला तर पटू दे. देवाशी माझा अबोला आहे असं समज.

तू नर्स, तेव्हा थंडीत जप हे मी काय सांगणार? तरी सांगतो.

तुझा,
दादा

१५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. आणि प्रभूमध्ये सलाम.

लहानपणी माझ्याशीही अबोला धरायचास आणि संध्याकाळी तूच पाटीवरची पेन्सिल मागायला यायचास. त्यामुळे मी फार घाबरले नाही. रडले मात्र.

राग येईल, तरी लिहिते. आमच्याही वॉर्डात खाटा भरल्यात. या आठवड्यात मीच कितीतरी जणांना जागा नाही म्हणून सांगितलं. मग व्हरांड्यात गाद्या घालतो, सलाइन खिडकीच्या गजाला टांगतो. उशा पुरत नाहीत. लोक शाली, पिशव्या, हाताला येईल ते डोक्याखाली घेतात. वहिनीच्या उशाला तुझा कोट होता, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

देवाने असं का केलं, मला ठाऊक नाही. उगाच उपदेशही करणार नाही. पण जो वृत्तांत तू वाचणार नाहीस म्हणतोस, त्यातल्या दिवस भरलेल्या बाईलाही कोणी जागा दिली नव्हती. वाचवेल तेवढं वाच, नाहीतर खाली बस. कोट तेवढा घाल, तुझी छाती लगेच भरते.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी

२६ डिसेंबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद आणि सलाम.

काल वाचलं. कोट घालूनच गेलो होतो.

जागा नव्हती, या शब्दांपाशी आलो आणि अडलो. इतकी वर्षं ते वाक्य मी झटपट उरकायचो, पुढे देवदूत आणि मेंढपाळ यायचे ना. काल पुढे सरकताच येईना. पाळकसाहेब उठले नाहीत, कोणी खाकरलंही नाही. सगळे माझ्यासाठी थांबले. मला वाटलं, ज्या प्रभूला स्वतःलाच जागा मिळाली नाही, तो आमच्या बाकापाशी नव्हता, हे मी कशावरून धरून बसलोय? मग पुढचं वाचलं. आवाज फुटका होता, पण शेवटपर्यंत वाचलं.

घर रिकामंच आहे. तिची आठवण आली की अजून रडू येतं आणि रागही येतो. पण पेन्सिल मागून झाली म्हण.

दुकानात धडके तुकडे पुष्कळ साठले होते. तुझ्या व्हरांड्यातल्या माणसांसाठी उशा शिवायला घेतल्यात. अभ्रे बटणांचे करतोय, म्हणजे काढून धुता येतील. काजं मीच करतोय. कोणाच्या उशाला कोट नको.

किती लागतील ते लगेच कळव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
दादा