दुपारी फोन गरम का होतो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी.
संकल्प: आजपासून कोणावरही संशय घ्यायचा नाही. ब्लडप्रेशरला चांगलं. कल्पना कुंदाची. बायकोला ही कल्पना नेमकी आत्ताच का सुचावी, हा प्रश्न आहे. नोंद करून ठेवतो. संशय म्हणून नाही.

दुपारी चार.
फोन पुन्हा गरम. जेवून आडवा होतो तेव्हा शोकेसवर थंडगार ठेवलेला असतो. उठून हातात घेतो तर कोमट, बॅटरीही उतरलेली. घरात माणसं दोन, पैकी एक झोपलेला. आमचा केयूर कांदिवलीला वेगळा राहतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, बाबा, ॲप्स आतल्या आत चालू असतात. पोराचा बापापेक्षा ॲपवर विश्वास.

फोनमध्ये माल आहे. ‘प्रूफ’ नावाचं फोल्डर. त्यात समोरच्या देवव्रतचा पॅसेजमधला चपलांचा स्टँड, सर्व कोनांतून. चौथ्या मजल्यावरची टपकणारी चादर. डुलक्या घेणारा वॉचमन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे एक दिवस बाहेर काढणार. इतकी वर्षं काढलं नाही, कारण योग्य वेळ यावी लागते.

पिन पुन्हा बदलला. तसा फोन बोटावर उघडतो, पण सावध असलेलं बरं. नवा पिन इथे लिहीत नाही. वहीचा काय भरवसा.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
केयूर आईला स्मार्टफोन घेऊन देतो म्हणतोय. मी साफ नको म्हटलं. घरात एक पुरे. दोन झाले की ते एकमेकांना माहिती पुरवतात, असं मी वाचलंय. कुंदाकडे बटणांचा आहे, झकास चालतो.

तिची धाकटी बहीण नलिनी कुडाळहून बोलून मेसेज पाठवायची, तेही माझ्याच फोनवर यायचे. मी देत होतो की तिला ऐकायला. स्वतः कधी ऐकले नाहीत. दुसऱ्याचे मेसेज ऐकायची मला सवय नाही. पहिले दोन-तीन ऐकले, ते तपासणी म्हणून. कोंबड्या आणि कोकमं, दुसरं काही नाही. गेल्या गणपतीनंतर नलिनी गेली. मेसेज मात्र तसेच पडून आहेत, जागा अडवून. काढून टाकायला हवेत. वेळ होत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
घात झाला.

झोपेतून उठलो, शोकेसवर फोन नाही. स्वयंपाकघरात गेलो. आंबोळ्यांसाठी तांदूळ भिजत घातलेला टोप ओट्याखाली, त्यात कुंदाचा हात कोपरापर्यंत. हात बाहेर आला तो माझा फोन घेऊन.

तिचं म्हणणं असं. फोन वाजत होता. तुमची झोप मोडेल म्हणून आत आणला. ओट्यावरून निसटला. मी विचारलं, कोणाचा होता? म्हणाली, बघितलं नाही. आता फोनच मेला, म्हणजे खरं-खोटं करायची सोय नाही. पुरावा बुडवणं म्हणतात ते हेच.

पण मी डोकं शांत ठेवलं. फोन जोरात झटकला. सुरू होतो का ते बटण दाबून पाहिलं. नाही. मग चार्जिंगला लावला, तर कुंदाने धावत येऊन पिनच उपटली. म्हणाली, ओला फोन कोणी चार्जिंगला लावतं का? याविषयी तिला इतकी माहिती कशी?

उपाय जगजाहीर आहे. कोरड्या तांदळात पुरायचा. थोडक्यात, फोन तांदळातून काढला आणि तांदळात घातला. कुंदाने डबा पुढे केला तो उकड्या तांदळाचा. मी म्हटलं, उकडा तांदूळ आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, तो आणखी काय ओढणार? कोलम आण. ती म्हणाली, तांदळाने काही होत नाही, स्टेशनजवळ दुकान आहे तिथे आत्ताच्या आत्ता द्या. फोन घराबाहेर जावा याची तिला एवढी घाई का?

कोलम घेतला. डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावून वर सही केली. तीस वर्षं कंपनीच्या स्टोअर्समध्ये काढली आहेत. गेटपासशिवाय खिळा बाहेर जाऊ दिला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
सील शाबूत. कोलम अडकल्यामुळे आज चपात्याच.

संध्याकाळी डबा उघडून बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं. म्हणजे सुधारणा आहे. माझी पद्धत बरोबर. पुन्हा पुरला, पुन्हा सील, नवी सही.

कुंदाने विचारलं, आतलं सगळं राहील ना? मी विचारलं, आतलं म्हणजे काय? ती म्हणाली, आवाज वगैरे. मी विचारलं, कसले आवाज? त्यावर ती कोथिंबीर निवडायला बसली. एक जुडी निवडायला इतका वेळ लागत नाही. शिवाय डोळे लाल. कोथिंबिरीने डोळे लाल होत नाहीत, ते कांद्याने होतात. नोंद.

माझा अंदाज पक्का होत चाललाय. देवव्रतला ‘प्रूफ’ची कुणकुण लागली. त्याने कुंदाला हाताशी धरलं. हळदीकुंकवाला त्याच्या बायकोने कुंदाला सगळ्यांपेक्षा मोठा डबा दिला होता, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संशय न घेण्याचा संकल्प चालू आहे. हा संशय नाही, तपास आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
तांदळाने आपलं काम केलं, आता फक्त फिनिशिंग बाकी, म्हणून स्वतःच दुकानात गेलो. राजेश नावाचा माणूस आहे. म्हणाला, काका, ठेवून जा, सोमवारी या. हे असंच म्हणतात. आपण पाठ वळवली की आतला ओरिजिनल माल काढतात आणि दुसरा बसवतात. मी म्हटलं, माझ्यासमोर उघडा. स्टूल मागून घेतलं आणि बसलो.

उघडला. चार्जिंगच्या भोकातून त्याने चिमट्याने तांदळाचा दाणा काढला आणि तांदळात कोणी ठेवला असं विचारलं. मी म्हटलं, घरातल्यांनी. आतल्या एकेका भागावर मी घरून आणलेल्या कुंकवाने खूण करायला लागलो, तर त्याने माझा हात धरला. पाणी कमी होतं का, म्हणाला. मग त्याला कोणाचा तरी फोन आला. तो गुजरातीत बोलला, बोलता बोलता माझ्याकडे बघून हसला.

एवढं पुरेसं होतं. फोन होता तसा, पोट उघडलेला, रुमालात बांधून घरी आणला. राजेश मागून ओरडत होता की अजून ओला आहे, गंज धरेल. घाबरवायची पद्धत.

कुंदाने रुमाल सोडून पाहिला. काही बोलली नाही. जेवताना नाही, जेवल्यावरही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती भांडते, पण गप्प बसत नाही. मला जेवण गेलं नाही. झोपण्याआधी फोन पुन्हा कोलमच्या डब्यात पुरला, पुन्हा सील.

८ फेब्रुवारी, शनिवार.
डबा उघडा. सील तोडलेलं. फोन गायब. कुंदाही गायब.

मी तडक देवव्रतकडे गेलो आणि कुंदा इथे आलीय का, असं सहज विचारलं. तो म्हणाला, मघाशी स्टेशनकडे जाताना दिसल्या, रडत होत्या, सगळं ठीक आहे ना? चांगला अभिनय करतो. त्याने चहा दिला. प्यायलो. बिस्किटांना हात लावला नाही.

एक वाजता कुंदा परत आली. रिकाम्या हाताने. फोन राजेशकडे ठेवून आली होती. पावती नाही, खुणा नाहीत, समोर बसणं नाही. मी विचारलं, कोणाच्या परवानगीने? ती म्हणाली, सोमवारपर्यंत मला काहीही विचारू नका.

म्हणजे सोमवारनंतर विचारायला हरकत नाही. प्रश्न काढून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार.
फोन नसल्यामुळे शांत वाटतं. मला कसलीही सवय लागत नाही, हे सिद्ध झालं. दोनदा खिसा चापपला, तो सहज. दुपारी झोप आली नाही. कुंदालाही करमत नसावं. जेवणानंतर शोकेसपाशी गेली, मोकळ्या जागेवरून फडकं फिरवलं आणि परत आली.

प्रश्न तयार आहेत. उद्या फोन उघडला की कोण कधी आत शिरलं ते कळेल. मग कुंदाला तोंडावर विचारणार. देवव्रतला दारात बोलावणार.

१० फेब्रुवारी, सोमवार.
कुंदा फोन घेऊन आली. सुरू होता. माझ्या तांदळाने पाया घातला होताच.

स्क्रीनवर बोट ठेवलं. उघडेना. बंद पडून सुरू झाला की बोट चालत नाही, पिन लागतो म्हणे. टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. तिसऱ्यांदा. फोन म्हणाला, थांबा. माझाच फोन, मलाच थांबा म्हणतो.

गेल्या महिन्यापासून इतक्यांदा बदलला की शेवटचा कुठला ते आठवेना. म्हणजे पिन किती सुरक्षित होता बघा. मालकालासुद्धा दाद देईना.

कुंदाने पदराला हात पुसले. फोन माझ्या हातातून घेतला. घड्याळाकडे बघत थांबली आणि चार आकडे टाकले. उघडला.

मी विचारलं, तुला कसा माहीत? ती म्हणाली, दर वेळी जुन्यात एक मिळवता. तुम्ही मोजायला विसरता, मी नाही.

माझे प्रश्न तयार होते. म्हटलं, म्हणजे रोज दुपारी तूच! ती म्हणाली, हो, मीच. आणि पुढे मी काही बोलायच्या आत तिने भराभर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ‘प्रूफ’ उघडणार. पण ती त्या बाजूला गेलीच नाही. तिथे फोल्डर आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं, तेही कळलं नाही. कदाचित माहीत असून काही वाटत नसेल.

नलिनीचा आवाज आला. आधी अंगणातल्या कोंबड्यांचा, मग तिचा.

“ताय, भावोजी निजले काय गो? निजले असतीत तर सांगतंय, नायतर मगे.”

कुंदा ओट्याला टेकून खाली बसली. फोन दोन्ही हातांत धरून. नलिनी पुढे शेजारच्या वासराने वाळत घातलेली कोकमं कशी खाल्ली ते सांगत होती आणि सांगण्याआधीच हसत सुटली होती. कुंदाही हसली आणि मग हसणं थांबलं तरी खांदे हलत राहिले.

हा मेसेज तपासणीत माझ्या हाती लागला नव्हता. मला फार वाईट वाटलं. प्रश्नांचा कागद खिशातच राहिला. पाणी आणून दिलं. तिने घेतलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
जेवण झालं. फोन शोकेसवर ठेवला. पिन बदलला नाही. आडवा झालो.

झोप अजिबात नव्हती. थोड्या वेळाने शोकेसपाशी पावलं वाजली, स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. मग कोंबड्या. मग भावोजी निजले काय. मी डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

कुंदाला संशय येऊ नये म्हणून मधूनमधून घोरलो.